डाव्या बाजूला, खाली

पेठेतून बाहेर पडताना कुणीतरी नळासाठी खणून अर्धवट बुजवलेला चर होता. त्यावरून गाडीचं पुढचं चाक गेलं आणि डॉक्टर हौसरावांना तो आवाज पहिल्यांदा ऐकू आला. खुट्. फार मोठा नव्हे. मटकीच्या उसळीत दाताखाली खडा यावा, एवढाच. मग मागचं चाक गेलं. खुट्, खुट्. त्यांनी मान वळवून मागच्या सीटकडं पाहिलं. तिथं औषधांची बॅग होती आणि बॅगेत काचेच्या कुप्या होत्या, म्हणून त्या दिवशी त्यांनी गोष्ट तिथंच सोडून दिली. दसऱ्याला गाडी घरी येऊन चारच दिवस झाले होते. गाडी पुण्याच्या एका पारशी डॉक्टरच्या हातची, निळी, जुनी पण अंगानं सणसणीत. शिरूर तालुक्यात खाजगी मोटारी बोटांवर मोजण्याइतक्या आणि त्यांतली एक आपली, ह्या कौतुकात एक खडा काय, मूठभर खडे त्यांनी आनंदानं चावले असते. पण कौतुक हळूहळू ओसरतं आणि खडा जिथल्या तिथं राहतो.

पुढच्या आठवड्यात त्यांनी प्रत्येक कुपीला कापसाचं अंगडं चढवलं. आवाज आला. बॅग मांडीवर घेऊन गाडी चालवली, तरी आला. मग जॅक, पाना, हवेचा पंप गोणपाटात गुंडाळून करकचून बांधला. एवढं करून भागेना तेव्हा त्यांनी गाडीच्या अंगालाच हात घातला, आणि डॉक्टर माणसाच्या हाताशी काय असणार? चिकटपट्टी. आरशाला चिकटपट्टी, राखदाणीला चिकटपट्टी, मीटरच्या काचेभोवती बँडेजाचे दोन वेढे, समोरच्या खणाच्या झाकणात कापसाचा बोळा. दिवाळी सरता सरता अशी अवस्था झाली, की गाडीत बसलं म्हणजे अपघातातून वाचलेल्या पाहुण्याला भेटायला आल्यासारखं वाटे. पेशंट लोक बाहेरून वाकून बघत आणि दबक्या पावलांनी निघून जात. आवाज मात्र मजेत होता. खड्ड्यात तो यायचाच, पण कधी गुळगुळीत डांबरावर नुसत्या वळणालाही यायचा. कधी मैलच्या मैल गप्प बसायचा. 'गेला वाटतं,' असं हौसराव मनाशी म्हणायची खोटी, खुट्. आपल्या मनातलं त्याला कळतं, अशी त्यांची खात्री होत चालली. पुढं पुढं तो गाडीबाहेरही भेटू लागला. दवाखान्यात खुर्ची सरकवली की खुट्, बाजेवर कूस बदलली की खुट्, आणि एकदा तर जावळाच्या कार्यक्रमात समोरच्या गृहस्थानं अडकित्त्यानं सुपारी फोडली तेव्हा हौसराव एवढे दचकले, की पंगतीतल्या लोकांनी त्यांना पाणी आणून दिलं.

खरी भानगड निराळीच होती. हा आवाज दुसऱ्या कुणाला ऐकूच येत नव्हता. शेजारी माणूस बसवलं की तो बेपत्ता. न्हावऱ्याच्या वाटेवरचे सर्जेराव, सोसायटीचे चेअरमन, चांगलं आडवं अंग असलेले, त्यांना हौसरावांनी मुद्दाम साक्षीदार म्हणून गाडीत घातलं. सर्जेराव टेकले तशी गाडी त्यांच्या बाजूला लवली. मग वाटभर ते निवडणुकीवर बोलत राहिले. "जरा गप्प बसा हो, ऐका," हौसराव म्हणाले. सर्जेराव मोठ्या कष्टानं गप्प बसले. एक खड्डा आला, दुसरा आला. काही नाही. "डॉक्टर, गाडी म्हंजी लोणी हाय," सर्जेराव म्हणाले, आणि उतरताना खांद्यावर हात ठेवून हळू आवाजात पुढं म्हणाले, "तुम्ही लई वढाताण करताय जिवाची. चार दिस सासुरवाडीला जाऊन पडा जरा." ते उतरले, गाडी फाट्यापर्यंतही गेली नव्हती, आणि खुट्. घरी बायकोला विचारून पाहिलं. झुंबरबाईंना शेजारी बसवून गावाबाहेरच्या खडीवरनं मुद्दाम दोन फेऱ्या मारल्या. "गाडीत बसल्यावर मला तर काय बी न्हाई आलं ऐकू," त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. वाक्य मोठं नीटस होतं. इतकं मोजूनमापून त्या एरवी कधी बोलत नसत. पण हौसरावांचं सगळं लक्ष खड्ड्यांकडं होतं.

हौसरावांच्या वडिलांना, आबांनाही, असंच ऐकू यायचं. पाटसजवळच्या मळ्यात, उतारवयात, ओट्यावर बसल्या बसल्या आबा एकदम मान वर करायचे. "तांबड्याची घंटा वाजली. सुटला वाटतं." तांबड्या बैल मरून दोन पावसाळे झाले होते. सुना तोंडाला पदर लावायच्या. हौसराव तेव्हा पुण्याला डॉक्टरी शिकत होते. सुट्टीत घरी आले की ते सगळ्यांना समजावून सांगत, ह्याला भास म्हणतात, वयपरत्वे होतो, घाबरायचं कारण नाही. घाबरलं कुणीच नव्हतं. आई मात्र दर वेळी हातातलं काम टाकून उठायची, गोठ्यात जाऊन बघून यायची आणि म्हणायची, "न्हाई, बांधलेलाच हाय." मेलेला बैल बांधलेला कसा असेल, असं तिला कुणी विचारलं नाही. आबा तेवढ्यावर निवांत होऊन तंबाखू मळायला घ्यायचे. उसाच्या गाड्यांमागून हळूहळू गाडी हाकताना, चिपाडांचा गोडसर वास नाकात जात असताना, हौसरावांना आता आई आठवू लागली होती. आबांच्या शब्दावर उठून बघणारं एक माणूस होतं. आपल्याला जो तो विश्रांती घ्यायला सांगतो. ह्या विचारानं खरं तर वाईट वाटायला हवं. पण त्यांना भलत्या वेळी हसू यायचं. कारण उठून बघायला जायचं कुठं? गोठ्यातच तर बसून ते शिरूर-दौंड करत होते.

हे सगळं हसण्यावारी गेलंही असतं, पण हौसरावांची डॉक्टरकी सगळी कानात होती. छातीचा फोटो काढायचा तर पुणं गाठावं लागे, आणि तेवढ्यासाठी पुण्याला कोण जातो? तेव्हा नळी लावायची, डोळे मिटायचे आणि ऐकायचं. माणसाच्या छातीत इतके आवाज असतात की बाजार भरलेला असतो; त्यातून नको तो आवाज नेमका वेचायचा. हे त्यांना साधत आलं होतं आणि त्याचा त्यांना मनातल्या मनात गर्वही होता. पंधरवड्यामागं त्यांनी दौंडला सुगराबीला तपासलं. सुगराबी म्हणजे मोटार दुरुस्त करणाऱ्या पाशाची आई. बारीक ताप, खोकला, बाकी जीभ तिखट. पाठीवर नळी ठेवली तेव्हा डाव्या बाजूला, खाली, हौसरावांना एक अगदी पातळ खरखर ऐकू आली, केसांची बट कानाशी धरून बोटांनी चोळावी तशी. त्यांनी नळी उचलली, परत टेकवली. होती. की नव्हती? की हे आपले रोजचे पाहुणेच आता नळीतूनही यायला लागले? हातात इंजेक्शनची सुई होती ती त्यांनी खाली ठेवली, खोकल्याचं औषध दिलं आणि म्हणाले, "पुन्हा बघू." परत निघाल्यावर दौंडची वेस ओलांडायच्या आत गाडीत खुट् झालं.

त्या दिवसापासून त्यांनी एकही छाती धडपणे तपासली नाही. ज्याला त्याला पुण्याची चिठ्ठी देत सुटले. शेवटी एका संध्याकाळी, जेवताना, त्यांनी मनातलं बोलून टाकलं. जेवण हा त्यांच्या दिवसातला सुखाचा भाग होता. घरी यायची वेळ कधी धड नसे. पण दसऱ्यापासून बघावं तर ते हात धुऊन पाटावर बसतात न बसतात तोच तव्यावरची भाकरी टम्म फुगून ताटात पडायची. हे बाईला कसं साधतं, असं त्यांच्या मनात कधी आलं नव्हतं. सुखाच्या गोष्टींची माणूस चौकशी करत नाही. "उद्या पाशाकडं गाडी उघडायला लावतो," ते म्हणाले. "सगळी. सांगाडा दिसेपर्यंत. काही निघालं तर ठीक. नाही निघालं तर आवाज माझ्या कानात आहे. आणि असल्या कानानं लोकांचे जीव हाताळायचे नाहीत. पाटी उतरवून ठेवायची. मळ्यात ऊस आहे, तो काही खोकत नाही." ते हसले. झुंबरबाई हसल्या नाहीत. तव्यावरच्या भाकरीला त्या दिवशी काळे डाग पडले, ती उतरवत त्या म्हणाल्या, "म्या बी येते उद्या. सुगराबीला बघून हुईल."

सकाळची वाट लखलखीत होती. दोन्हीकडं ऊस, मध्येच तोडलेली रानं, बैलगाड्यांची रांग, गाडीवानांच्या मुंडाशांतून निघणारे विडीच्या धुराचे लोट. झुंबरबाई शेजारी बसल्या होत्या, म्हणून आवाज नव्हता. हौसराव त्या नसलेल्या आवाजाकडं कान लावून होते. हीसुद्धा एक कला त्यांना अलीकडं साधली होती. न येणारा आवाज किती प्रकारांनी येत नाही, ते त्यांना कळायचं. समजा, पाशाला काही सापडलं नाही. समजा, पाटी उतरवली. तिचे स्क्रू गंजलेत, ते निघायचे नाहीत. पाटी उतरवायलाही पाशालाच बोलवावं लागेल. त्यांना पुन्हा हसू आलं. "काय झालं?" झुंबरबाईंनी विचारलं. "काही नाही. तू का घामेजलीस एवढ्या थंडीत?" "मला कुठं घाम?" म्हणत त्यांनी पदरानं कपाळ टिपलं.

दौंडला पाशाचं वर्कशॉप रेल्वेच्या कुंपणाला लागून होतं. पुढं पत्र्याची शेड, मागं राहायच्या दोन खोल्या, आणि पलीकडं दिवसभर इंजिनांची ढकलाढकली. तिथं कानानं काही शोधायचं म्हणजे दोन शिट्ट्यांच्या मधल्या फटीत शोधायचं. पाशानं आधी दोनदा गाडी बघितली होती. दोन्ही वेळा डॉक्टर चालवत होते आणि पाशा शेजारी डोळे मिटून बसला होता, आणि दोन्ही वेळा त्याला छान झोप लागली होती. आज त्यानं सगळ्या सीटा काढून लिंबाखाली मांडल्या. झुंबरबाई त्यातल्या एकीवर अवघडून बसल्या. चिकटपट्ट्या सोलताना पाशा म्हणाला, "साहेब, हिला काय दुखलंखुपलं न्हाई, पर ह्या पट्ट्या काढताना मरंल ही." मग पुढच्या मडगार्डवर दोन्ही हात ठेवून तो वाट बघत उभा राहिला. पलीकडं डबे एकमेकांवर आदळले, इंजिनानं शिट्टी दिली, ते दूर गेलं. पाशानं रिकामी गाडी गदागदा हलवली.

खुट्.

हौसराव पाशाकडं बघत राहिले. त्यांना विचारायची भीती वाटत होती.

"पाशा."

"जी."

"काही ऐकलंस?"

"ऐकलं की वो. खुट् केलं न्हवं का!"

तेलानं माखलेल्या त्या माणसाला मिठी मारावी, असं हौसरावांना वाटलं. आहे. बाहेर आहे. जगात आहे, आपल्या डोक्यात नाही. "परत हलव," ते म्हणाले. खुट्. "परत." खुट्. गरज नसताना त्यांनी पाशाला आणखी कितीदा तरी हलवायला लावलं, आणि प्रत्येक खुट् त्यांच्या अंगावरून उन्हासारखा गेला.

"झालं न आता?" झुंबरबाई उठून उभ्या राहिल्या. "हाय आवाज, पाशाभाईनंबी ऐकला. मग आता कशाला उगंच गाडी उसवायची? चला आत, सुगराबी वाट बघत असंल."

पण हौसराव ऐकण्याच्या पलीकडं गेले होते. म्हणजे ऐकण्यातच गेले होते. त्यांनी बॅगेतून नळी काढली, कानात घातली आणि गाडीच्या छातीवर टेकवली. समोरच्या फळीवर काही नाही. तळाला लांबून आल्यासारखा. खांबापाशी जरा जवळ. कुंपणापलीकडं दोन गँगमन कामं टाकून उभे राहिले. एक टांगेवाला थांबला. "मोठा श्वास घे," हौसराव सवयीनं गाडीला म्हणाले, आणि पाशानं तेवढ्याच गंभीरपणे मडगार्ड दाबलं. शेजारच्या सीटकडच्या दारावर नळी सरकत सरकत आली, वर, मध्ये, मग खाली, आणि कानात असा दणका बसला की त्यांनी डोळे उघडले.

"डाव्या बाजूला, खाली," ते म्हणाले, आणि म्हणता म्हणता थांबले. हे शब्द ह्याच घरात, पंधरवड्यामागं, त्यांच्या ओठांपर्यंत येऊन परत गेले होते.

पाशानं काच खालीवर करायचा दांडा काढला, स्क्रू काढले आणि दाराचं आतलं रेक्झिनचं अस्तर ओढून मोकळं केलं. आतून एक सुपारी टणकन जमिनीवर पडली आणि गडगडत झुंबरबाईंच्या पायाशी जाऊन थांबली. पाशानं आत हात घातला. दोन हळकुंडं निघाली. एक खारीक, एक बदाम. तांदळाचे चार दाणे, त्यांवर कुंकवाचा लाल रंग अजून होता. पाशानं हे सगळं तळहातावर मांडलं आणि तो हळूच म्हणाला, "साहेब, ही तर वटी हाय."

हौसरावांनी वळून बायकोकडं पाहिलं. झुंबरबाई सुपारीकडं बघत होत्या.

"दसऱ्याला तुम्ही म्हणाला, लिंबू नको, नारळ नको, वटीबिटी काय न्हाई, ही मोटार हाय, म्हैस न्हवं," त्या म्हणाल्या. "मग म्या गप बसले. पर बाईमाणूस पयल्यांदा घरात आलेलं, तिला रिकामी कशी धाडायची वो बाहेर? तुम्ही आंघोळीला गेला तवा भरली. हिला ना पदर ना मांडी. शीटवर ठिवलं तर तुम्हाला दिसंल. त्या काचंखाली फट दिसली. म्हटलं, हाच हिचा खिसा. हळूच सोडलं एकेक."

"आणि नारळ?"

"त्यो मावला न्हाई. त्याची चटणी तुम्हीच खाल्ली, तीन दिस."

पाशा गाडीच्या पलीकडं तोंड लपवून बसला. त्याची पाठ हलत होती. मग तो सावरून म्हणाला, शेजारी माणूस बसलं की गाडी तिकडं लवते, सुपारी कोपऱ्यात जाऊन बसते, म्हणून गप्प. हौसराव ते ऐकत नव्हते. त्यांच्या छातीत दसऱ्यापासूनचं काहीतरी फुगून वर येत होतं आणि तो राग असावा असं त्यांना वाटत होतं.

"माझ्यावर वेडा व्हायची पाळी आली," ते म्हणाले. "पाटी उतरवायला निघालो मी. आणि तू म्हणालीस, ऐकू येत नाही!"

"गाडीत बसल्यावर न्हाई येत, आसं म्हणाले. खोटं न्हाई बोलले." झुंबरबाईंचे डोळे भरले, पण आवाज ठाम होता. "घरातनं येतं की. पयल्या दिसापासनं येतं. तुम्ही बोळात वळला की चुलीपाशी खुट् ऐकू येतंय मला. विंजनाचा आवाज काय, यष्टीचाबी तसलाच. खुट् झालं की वळखायचं, आलं आपलं माणूस, आन् भाकरी तव्यावर टाकायची. कसं सांगणार हुते? सांगितलं आस्तं तर काढलं आस्तं तुम्ही."

हौसरावांनी नळी कानातून काढून गळ्यात अडकवली. राग नव्हता तो. ते घरात नसताना, ते रस्त्यावर आपल्या कानांना शिव्या देत असताना, घरी चुलीपाशी दुसरं कुणीतरी तोच आवाज रोज ऐकत होतं, त्याच्यासाठी कान देऊन बसलं होतं. आई नुसती गोठ्यात जाऊन यायची. हिनं तर बैलच बांधून ठेवला होता. ते हसायला लागले. आधी बारीक, मग असे, की टांगेवाल्याचा घोडाही कान टवकारून बघू लागला. पाशाही मग मोकळेपणानं हसला, आणि झुंबरबाई रडता रडता.

दारात सुगराबी शाल लपेटून येऊन उभी राहिली होती. "काय धिंगाणा लावलाय रं?" तिनं विचारलं. पाशानं तळहात दाखवला. म्हातारीनं चष्म्यातून नीट पाहिलं. "गाडीची वटी भरलीस व्हय पोरी? बरं केलंस. रिकामं धाडू न्हाई कुणाला." एवढं बोलेपर्यंत तिला खोकल्याची उबळ आली आणि ती चौकट धरून वाकली.

"चाची, आत चला," हौसराव म्हणाले. नळी अजून त्यांच्या गळ्यात होती. खोलीत त्यांनी तिला खिडकीकडं पाठ करून बसवलं, डोळे मिटले. बाहेर इंजिन ओरडत होतं. त्याला त्यांनी बाजूला सारलं. काळजाचे ठोके बाजूला सारले. डाव्या बाजूला, खाली. ती तिथंच होती, केस चोळल्यासारखी, आता थोडी जाड झालेली. ह्या वेळी त्यांनी नळी एकदाच टेकवली. "आजपासून रोज इंजेक्शन," ते म्हणाले. "मी येत जाईन. मागच्याच वेळी द्यायला हवं होतं. पण वेळ गेलेली नाही." "रोज?" सुगराबी किंचाळली. "आन् त्या गाडीला टोचायचं सोडून मला?" पण हात तिनं पुढं केला होता. पाशा दारात उभा होता, त्याचं हसू गेलेलं होतं. हौसरावांनी सुई धुताना त्याच्याकडं बघून मान हलवली आणि त्या मानेवर पाशानं विश्वास ठेवला.

परत निघाले तेव्हा ऊन कललं होतं. ओटीचं सगळं सामान झुंबरबाईंच्या पदराच्या गाठीत होतं. गाडी आता खरोखरच लोणी झाली होती. चिकटपट्ट्या नव्हत्या, बोळे नव्हते, खड्डे येत आणि मुकाट्यानं जात. हौसराव गुणगुणत होते. "उद्यापासनं भाकरी कवा टाकू?" झुंबरबाईंनी मध्येच विचारलं. "बोळात वळलो की हॉर्न देईन." "हारन काय, कुतरं आडवं आलं तरी देताच तुम्ही." न्हावऱ्याच्या पुढं खडीचा रस्ता लागला. गाडी एका वळणाला वळली आणि कुठंतरी, अगदी बारीक, टिक् झालं.

हौसरावांनी गुणगुणणं थांबवलं. त्यांनी विचारलं मात्र नाही.

"आलं ऐकू," झुंबरबाई म्हणाल्या. "तुमच्या बाजूनं."

टिक्.

"खरं सांग," हौसराव म्हणाले. "ह्या दारात काय टाकलंयस?"

"आईची आण. त्या दारात म्या काय बी टाकलेलं न्हाई."

हौसरावांनी गाडीचा वेग कमी केला. बॅगेत चिकटपट्टी होती. त्यांनी एक हात मागं नेला. झुंबरबाईंनी तो मध्येच धरला आणि परत चाकावर ठेवला.

"ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "मला भाकरी टाकायला त्यो लागंल."